लहान मुलांना गळ टाकायला न्यायचं तर पावणेचार हजार?

संपादक महाशय,

नमस्कार. गेल्या महिन्यात आमच्या दोन्ही मुलांना, मुलगा आठचा आणि मुलगी पाचची, पहिल्यांदा मासे धरायला घेऊन गेलो कर्जतच्या बाजूला एका खासगी तलावावर. नाव लिहीत नाही, कारण ओळखीच्या तीन चार घरांचे दुसरीकडचे अनुभवही असेच आहेत, आणि मला कुणा एकाबद्दल तक्रार करायची नाहीये, लहान मुलांकडून जे पैसे घेतले जातात त्याबद्दल लिहायचंय.

हिशोब असा झाला. एन्ट्री माणशी 350, तीन वर्षांवरच्या मुलाला पूर्ण तिकीट, म्हणजे 1400. दोन रॉड भाड्याने 300, चाऱ्याचे दोन डबे 120. बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही म्हणून चार थाळ्या 1000, त्यातली एक पाच वर्षांच्या मुलीची जिने अर्धी चपाती खाल्ली. मुलाची तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, झाडाच्या मुळात अडकून तुटली त्याचे 100. माशाचे 300, ते खाली सांगते. गाडीचा गॅस साडेचारशेचा. एकूण 3670 रुपये, आणि मुलं काठी धरून बसली जेमतेम चाळीस मिनिटं, त्यानंतर त्यांना चिखल आणि बेडूक जास्त आवडले, जे त्या वयात होणारच. मोठा माणूस दिवसभर दोन रॉड लावून बसतो आणि पाच वर्षांची पोर अर्धा तास काठी धरते, दोघांना तिकीट एकच, हे कुठल्या हिशोबात बसतं?

आता माशाचं. मुलीच्या गळाला एक चिलापी (तिलापिया) लागला, माझ्या तळहाताएवढा. मी तिला आधी हात ओले करायला लावले, पाठीवरचे काटे पुढून मागे चपटे दाबून मासा कसा धरायचा ते दाखवलं, आणि ती अगदी श्वास रोखून त्याच्या कल्ल्यांची उघडझाप बघत होती. तिला तो परत सोडायचा होता. तेवढ्यात तिथला माणूस आला म्हणाला सोडायचा नाही, धरला की घ्यावाच लागतो, काट्यावर 180 ग्रॅम भरला आणि कमीत कमी एक किलोचे पैसे म्हणून 300 लावले. मुलगी रडली, पैशाचं तिला कळत नाही पण मासा बादलीत तडफडतोय ते कळतं.

मला याचा राग यासाठी येतो की चिलापी हा रोहू कटला पाळणाऱ्या तलाववाल्याला नकोच असलेला मासा आहे. 1952 साली तो आपल्या देशात आणला, पिल्लं तोंडात सांभाळतो त्यामुळे भराभर वाढतो, आणि रोहू कटल्याच्या बोटुकलीचं, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लांचं, खाणं हा खातो. लहान मुलांच्या छोट्या गळाला काठावर बहुतेक वेळा हाच लागतो. म्हणजे पोरं तुमचा तलाव साफ करून देतायत आणि पैसेही त्यांच्याकडूनच.

मी पेण तालुक्यातली. बाबा आम्हाला ओहोटीला उघाडीवर, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दारावर न्यायचे, खारबंदिस्तीच्या, म्हणजे खाडीचं पाणी शेतात येऊ न देणाऱ्या बांधाच्या, बाहेरकाठ्यावर बसून बांबूची काठी, दहा हात तंगूस, मोरपिसाचा दांडा तरंगायला आणि उकिरड्याजवळची गांडुळं, खर्च काय तो गळांचा. आता तिथला बांध दोन ठिकाणी फुटलाय, शेतात खारं पाणी आहे, मुलांना उभं करण्यासारखी जागा राहिली नाही. इकडे डोंबिवलीच्या खाडीचं पाणी कसं आहे ते वाचकांना सांगायला नको. म्हणून आमच्यासारख्यांना तिकिटाच्या तलावाशिवाय पर्याय नाही आणि ते परवडत नाही म्हणून बहुतेक जण नेतच नाहीत.

माझा भाऊ इंग्लंडला असतो. तिकडे 13 वर्षांखालच्या मुलांना गळाचं लायसनच लागत नाही, आणि 13 ते 16 ला लागतं पण 2017 पासून ते फुकट आहे. खासगी तळ्याचं तिकीट तिकडेही वेगळं भरावं लागतं, ते खरंय, पण निदान सरकारने मुलांचा वेगळा विचार केलाय.

आपल्याकडे कितीतरी तलाव मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने आहेत. बोटुकली सोडायला, राखणीला त्यांचा खर्च होतो, फुकट द्या असं मी अजिबात म्हणत नाही. पण रविवारी सकाळी दोन तास, गुडघाभर पाण्याचा एक कोपरा दोरी लावून मुलांसाठी ठेवा, तासाला मुलामागे 40 रुपये घ्या, पैसे संस्थेला जाऊ देत, आणि संस्थेतलाच कुणी जाणता माणूस शिकवायला उभा राहू दे कारण त्यांच्याइतकं पाणी कुणाला कळतं? चिलापी धरला तर घरी न्यायची मुभा, रोहू कटला लागला तर परत सोडायचा. पावसाळ्यात हे मासे अंड्यावर असतात तेव्हा बंद ठेवा. आणि खासगी तलाववाल्यांनी तिकीट माणशी न लावता काठीमागे लावावं, दहा वर्षांखालच्यांना अर्धं.

जे पालक नेणार असतील त्यांना थोडं सांगते. लहानांना रीलचा रॉड घेऊ नका, गुंता सोडवण्यातच वेळ जातो, साधी बांबूची काठी बरी. गळाचा उलटा दात पक्कडीने दाबून टाका, बोटात घुसला तरी सरळ निघतो. गळ बुडावा म्हणून आम्ही लहानपणी तंगुसावर शिशाचा मणी दाताने दाबायचो, ते मुलांना अजिबात करू देऊ नका, शिसं विषारी असतं, त्याऐवजी हार्डवेअरच्या दुकानातला छोटा नट बांधा. पैसे घालवायचेच तर लहान मापाच्या लाईफ जॅकेटवर घाला, त्या तलावावर सगळी मोठ्यांच्या मापाची होती, मुलीच्या डोक्यावरून निसटत होती, म्हणून मी पूर्ण वेळ तिचा फ्रॉक मुठीत धरून बसले होते.

मत्स्यव्यवसाय विभागातल्या कुणी किंवा एखाद्या संस्थेच्या चेअरमननी हे पत्र वाचलं तर एका तलावावर एक रविवार करून बघा, आमच्या सोसायटीतली अकरा मुलं यायला तयार आहेत, मी सगळ्यांना विचारून ठेवलंय.

आपली,
दोन मुलांची आई, डोंबिवली पूर्व