चाकाचा आवाज न शोधताच बेअरिंग बदलल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: पुढच्या उजव्या चाकाच्या आवाजाचे चुकीचे निदान व न केलेल्या कामाचे बिल

महोदय,

गाडीच्या पुढच्या उजव्या चाकातून ‘ची ची’ असा बारीक आवाज येऊ लागला, म्हणून मी ती आपल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला दिली. देतानाच सल्लागारांना सांगितले होते की हळू चालवताना आवाज स्पष्ट येतो, चाकाच्या फेऱ्यांबरोबर त्याचा ठेका वाढतो आणि ब्रेकवर हलका पाय ठेवला की तो थांबतो. जॉबकार्डवर (कामाच्या नोंदीच्या कागदावर) उतरले फक्त ‘नॉईज चेक’. माझ्यासोबत एक चक्कर मारून आवाज ऐकायलाही कोणी आले नाही.

संध्याकाळी बिल हातात पडले तेव्हा कळले की बेअरिंग (चाक ज्यावर फिरते तो भाग) बदलले आहे. आधी फोन नाही, परवानगी नाही. जुने बेअरिंग मागितले, तर ‘स्क्रॅपमध्ये गेले’. बेअरिंग गेले की चाक घुमते, वेगाबरोबर ती घरघर वाढते आणि वळणावर भार एका बाजूला गेला की कमी-जास्त होते. ब्रेकला पाय लागताच गप्प होणारी ची ची बेअरिंगची कशी असेल?

आवाज अर्थातच तसाच राहिला. पुन्हा गेलो, तर उत्तर मिळाले, ‘पावसाळा आहे साहेब, ब्रेकच्या डिस्कला गंज धरतो, चालवा, जाईल.’ चिपळूणच्या पावसात रात्रभर उभ्या गाडीची डिस्क सकाळी तांबूस दिसते, हे आम्हालाही माहीत आहे. पण तो गंज पहिल्या दोन-चार ब्रेकमध्ये घासून निघतो. माझी गाडी अख्खा कुंभार्ली घाट उतरून आली तरी ओरडत होती.

शेवटी घराजवळच्या गॅरेजवाल्याने जॅक लावला, चाक हाताने फिरवून ऐकले आणि खोलले. डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या ब्रेक पॅडपैकी बाहेरचा चांगला जाड, आतला मात्र संपत आलेला. पॅड संपत आल्याची सूचना देणारी लोखंडी पट्टी डिस्कला घासत होती, आवाज तिचाच. कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ज्या पिनवर सरकतो, तिचा रबरी बूट (आवरण) फाटलेला, आत पाणी शिरून पिन गंजाने जाम. ती पक्कडीने पिळून काढावी लागली. पिन सरकत नाही म्हणून कॅलिपर सरकत नाही, बाहेरच्या पॅडवर नीट दाब येत नाही आणि सगळे काम आतल्या पॅडवर पडून तोच झिजतो.

माझी खरी तक्रार इथे आहे. आपल्या बिलात ‘ब्रेक क्लीनिंग व ग्रीसिंग’चे वेगळे पैसे लावले आहेत. हे काम करताना पिन बाहेर काढून ग्रीस लावतात. काढली असती तर फाटलेला बूट दिसलाच असता. म्हणजे ते काम झालेच नाही. आणि त्याच ब्रेकवर मी घरच्यांना घेऊन घाट उतरत होतो.

तरी बेअरिंग व त्याची मजुरी, तसेच ब्रेक क्लीनिंगची रक्कम परत करावी आणि हे काम झाल्याची नोंद कोणी केली, याचा लेखी खुलासा द्यावा. बिले, जॉबकार्ड आणि काढलेल्या पॅड-पिनचे फोटो सोबत जोडले आहेत. पॅड व पिन मी जपून ठेवले आहेत, आपल्या माणसाने येऊन पाहावेत.

पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा आयोगाकडे जाईन.

आपला,
(सही)
गाडीमालक, चिपळूण