‘रोज एक शब्द’ सदरात थोडा बदल हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकातले ‘रोज एक शब्द’ हे सदर मी नेमाने वाचते. अवघड इंग्रजी शब्द, समोर मराठी प्रतिशब्द, खाली एक वाक्य, असा त्याचा साचा आहे. मी इंग्रजीच्या शिकवण्या घेते, आणि माझे बरेच विद्यार्थी त्याची कात्रणे वहीत चिकटवतात. सदर बंद करा असे मुळीच म्हणायचे नाही. पण आज ते आहे त्या रूपात शब्द ओळखायला शिकवते, वापरायला नाही.

‘मिटिगेट’ म्हणजे कमी करणे, एवढेच वहीत उतरले की निबंधात ‘आय मिटिगेटेड माय वेट’ असे वाक्य येते. स्पेलिंग बरोबर, काळ बरोबर, आणि तरी असे इंग्रजीत कोणी म्हणत नाही. मिटिगेट करायचे ते धोके, दुष्परिणाम, नुकसान, वजन नव्हे. ‘प्रॉलिफिक’ म्हणजे विपुल असे पाठ केलेला मुलगा पावसालाही प्रॉलिफिक म्हणतो, कारण मराठीत पाऊस विपुल पडतो. इंग्रजीत ते विशेषण सहसा भरपूर निर्माण करणाऱ्याला लागते: भाराभर लिहिणाऱ्या लेखकाला, धावांच्या राशी रचणाऱ्या फलंदाजाला.

आपल्या भाषेत हे कोणी आपल्याला शिकवलेले नसते. भूक लागते, ठेच लागते, शोध लागतो, लग्न लागते, वेडही लागते. ‘लागणे’चा एक अर्थ हातात ठेवून परभाषकाला यातले एकही वाक्य धड बोलता येणार नाही. शब्द ओळखायचा तो त्याच्या सोबत्यांवरून, असे जे. आर. फर्थ या इंग्रज भाषावैज्ञानिकाने १९५७ साली मांडले, ते याच अर्थाने. तेव्हा प्रतिशब्दाच्या जोडीला, तो शब्द ज्यांच्याबरोबर वावरतो असे तीन-चार शब्द द्या. आणि त्याचा सूरही सांगा. ‘नोटोरियस’ माणूस प्रसिद्ध असतो खरा, पण वाईट गोष्टींसाठी. ‘फुलसम प्रेझ’ म्हणजे भरभरून कौतुक असे समजून आभाराच्या पत्रात ते लिहिणाऱ्याला, वाचणारा त्याचा अर्थ तोंडपुजेपणा असाही घेऊ शकतो, हे आधी कळलेले बरे.

दुसरा मुद्दा शब्दांच्या निवडीचा. शब्दसंपत्तीचे अभ्यासक पॉल नेशन यांच्या हिशेबाने इंग्रजी वर्तमानपत्र किंवा कादंबरी अडखळल्याशिवाय वाचायला आठ ते नऊ हजार शब्दकुळे लागतात. शब्दकुळ म्हणजे मूळ शब्द आणि त्याची नात्यातली रूपे. रोज एक या वेगाने आठ हजारांना जवळपास बावीस वर्षे होतात! म्हणजे सदराने संख्येच्या मागे लागण्यात अर्थ नाही, निवडीला मात्र फार अर्थ आहे. आपल्याकडे निवड होते ती चमकदार शब्दांची. पहिला पाऊस आला की ‘पेट्रिकोर’ हटकून छापून येतो. शब्द गोड आहे. १९६४ साली दोन शास्त्रज्ञांनी मातीच्या त्या वासासाठी तो घडवला ही माहितीही रंजक. पण तो वाचायला मिळणार वर्षातून एकदा, तोही बहुधा अशाच सदरात.

याउलट न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली प्रसिद्ध केलेली एक यादी पाहा. विद्यापीठीय लेखनात पुन्हापुन्हा येणारी ५७० शब्दकुळे त्यांनी निवडली. अशा लेखनातले साधारण दहा टक्के शब्द त्यांतच सापडतात. ‘अ‍ॅट्रिब्यूट’, ‘कॉन्स्टिट्यूट’, ‘इम्प्लाय’, ‘कोइन्साइड’, ‘ऑल्बीट’ असे हे शब्द आहेत. दिसायला साधे, म्हणून विद्यार्थी त्यांच्यावरून घाईने पुढे जातो आणि परिच्छेदाचा अर्थ नेमका तिथेच निसटतो. रोज एक घेतला तरी ही यादी दीड-पावणेदोन वर्षांत संपेल.

स्पर्धा परीक्षांना दुर्मीळ शब्दच लागतात, असे यावर मला नेहमी ऐकवले जाते. पण अमेरिकेतल्या पदव्युत्तर प्रवेशासाठी द्याव्या लागणाऱ्या ‘जीआरई’ परीक्षेतून सुट्या शब्दांचे विरुद्धार्थ विचारणारे प्रश्न २०११ मध्येच गेले. तिथल्या पदवी प्रवेशाच्या ‘सॅट’ परीक्षेनेही २०१६ मध्ये अनवट शब्दांवरची वाक्यपूर्ती काढून टाकली आणि उताऱ्यात शब्दाचा अर्थ कसा ठरतो ते विचारायला सुरुवात केली. परीक्षा घेणारे पुढे गेले, जुन्या याद्यांच्या झेरॉक्स मात्र अजून फिरत आहेत.

आता मला सर्वांत जवळचा विषय. प्रत्येक शब्द वेगळा पाठ करण्याऐवजी त्याचे अवयव ओळखले तर काम हलके होते, आणि मराठी वाचकाला ही युक्ती नवी नाही. ‘प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार’ या उदाहरणांचा संस्कृत श्लोक अनेकांनी शाळेत ऐकला असेल: उपसर्ग धातूचा अर्थ बळाने दुसरीकडे ओढून नेतो. लॅटिनमधून इंग्रजीत आलेल्या शब्दांचे हुबेहूब असेच आहे. वाहून नेणे या अर्थाच्या ‘फेर्रे’ या धातूवरून रेफर, डिफर, इन्फर, कन्फर, प्रेफर, ट्रान्सफर निघाले. सहन करणे या अर्थाचा ‘सफर’सुद्धा त्यातलाच, खालून भार वाहणारा. गंमत म्हणजे हा ‘फेर्रे’ आणि आपला ‘भृ’ धातू एकाच मुळातून आलेले आहेत. आपण भार म्हणतो तो याच ‘भृ’मुळे. बोलणे या अर्थाचा ‘लोक्वी’ धातू घ्या. एलोक्वंट, लोक्वेशस, कलोक्वियल, सोलिलोक्वी हे सगळे एका घरचे. व्हेंट्रिलोक्विस्ट, ज्याला आपण शब्दभ्रमकार म्हणतो, तो शब्दशः पोटातून बोलणारा. हे एकदा सांगितले की मुले ‘ग्रँडिलोक्वंट’चा अर्थ, म्हणजे भारदस्त शब्दांत बोलणारा, न विचारता लावतात. क्वचित फसगतही होते: ‘इन्फ्लेमेबल’मधला ‘इन’ नकाराचा नाही, ती वस्तू चांगलीच पेट घेते. टँकरवर लिहिलेला शब्द असल्याने हा अपवाद ठळक छापावा.

उच्चाराची सोय तर आपल्या लिपीतच आहे, तिचा उपयोग करा. ‘एपिटमी’ला एपिटोम आणि ‘हायपर्बली’ला हायपरबोल म्हणणारे अनेक पदवीधर मला भेटले आहेत. त्यांनी तो शब्द फक्त वाचला होता, कधी ऐकलाच नव्हता. आघाताचे अक्षर जाड टाइपात दिले की झाले.

शेवटची सूचना उजळणीची. विस्मरणाचा वेग मोजणारे हर्मान एबिंगहाउस यांचे प्रयोग १८८५ मध्ये प्रसिद्ध झाले. पाठ केलेल्यातले बरेचसे पहिल्या दिवसातच गळते आणि अंतराअंतराने उजळणी केली की टिकते, हे तेव्हापासून माहीत आहे. आपल्या सदरात मात्र एकदा आलेला शब्द पुन्हा तोंड दाखवत नाही.

जागेची अडचण मी समजू शकते. त्यासाठी शनिवारी नवा शब्द देऊ नये. त्या आठवड्यातले तीन आणि मागच्या महिन्यातले तीन शब्द गाळलेल्या जागांच्या वाक्यांत द्यावेत, अर्थातच वेगळ्या वाक्यांत. उत्तरे सोमवारी छापावीत. त्याच चौकटीखाली बारीक टाइपात उलटी मात्र छापू नयेत. पेपर फिरवायला कोणाला वेळ लागत नाही.

आपली,
एक नियमित वाचक