एक मणी कमी भरतोय

कोल्हापूर,
३ जानेवारी

चि. सौ. रेवा हिस अनेक आशीर्वाद.

पत्र बघून तुला आश्चर्य वाटेल. फोन केला की तू "बरी आहे ती, बाबा" एवढं म्हणतेस आणि फोन श्रीधररावांकडं देतेस. ते बिचारे थंडीपावसाचं बोलतात आणि मीही तेच बोलतो. म्हणून लिहायला बसलो.

चिमीच्या नाकात मणी गेला त्याचा विषय काढायचा नाही असं ठरवून बसलोय, पण तेवढं आधी विचारून घेतो. चिमीच्या डाव्या नाकपुडीतून काही येत नाही ना? एकाच बाजूनं नाक वाहत असेल आणि त्याला वास येत असेल तर सर्दी समजून सोडून देऊ नकोस. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येतो का? झोपेत खोकते का? डॉक्टरीणबाईंनी हे आपल्या तिघांसमोर सांगितलं होतं, तू नीट ऐकलंही होतंस. तरी विचारतोय, कारण एक मणी कमी भरतोय.

परातीत चाळीस होते. चिमीनं मोजून टाकले होते. तुम्ही गेलात त्या सकाळी मी दिवाण ओढला, सतरंजी झटकली, आक्कानं केराची पिशवी अंगणात ओतून दिली. अडतीस सापडले. एक नाकातला, तो डॉक्टरीणबाईंनी कागदाच्या पुडीत बांधून दिला होता. म्हणजे एकोणचाळीस झाले. चाळीसावा कुठं गेला? आक्का म्हणते, मोरीतून वाहून गेला असेल, आता बास करा. मोरीच्या जाळीतून हरभऱ्याएवढा मणी जात नाही. घालून पाहिला.

मणी पांढरे होते, हे मला जास्त खातं. गेल्या संक्रांतीला आपणच चिमीला हलव्याचे दागिने घातले. हार, बाजूबंद, बिंदी, कमरपट्टा. आणि बोरन्हाण झाल्यावर त्याच हारातला हलवा तोडून तिच्या तोंडात घातला. मी स्वतः घातला. मग अकरा महिन्यांनी तसेच पांढरे, तसेच गोल मणी तिच्या पुढ्यात ठेवले. तिनं एक तोंडात टाकला असेल तर तिची काय चूक? गिळलेला गुळगुळीत मणी बहुतेक वेळा आपोआप पडून जातो असं त्या बाई म्हणाल्या. श्वासनळीत गेलेला मात्र जात नाही, असंही म्हणाल्या. तू रोज सकाळी बघत असशीलच. मी लिहितोय ते तुला नकोसं वाटेल, पण बघ.

आता चिमट्याचं. तू ओरडलीस, "बाबा, हात लावू नका, तुमचा हात कापतो." शेजारच्या काकू दारात उभ्या होत्या. मला लागलं, खोटं कशाला बोलू. चाळीस वर्षं गुजरीच्या सराफ बाजारात बसून कोल्हापुरी साज गाठवले, मोहरीएवढे मोती ओवले, त्या हाताला तू असं म्हणालीस. पण बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की गोल गुळगुळीत वस्तू चिमट्यात धरायला गेलं की ती सटकते आणि आणखी आत जाते. हात थरथरत नसता तरी मणी आतच गेला असता. तू ओरडलीस म्हणून चिमी वाचली. हे तुला तोंडावर सांगायचं होतं. तू रात्रीच बॅग भरलीस आणि मला ते जमलं नाही.

तो क्षण डोळ्यांपुढून जात नाही. बाई तुला म्हणाल्या, आईनंच करायचं, लेकीचा पापा घ्यायचा. तू चिमीची उजवी नाकपुडी बोटानं बंद केलीस, तिच्या उघड्या तोंडावर तोंड ठेवलंस आणि एकदाच जोरात फुंकलंस. मणी टपकन तुझ्या गालावर येऊन चिकटला. चिमी हसली. तू रडलीस. मी दाराच्या मागं होतो.

परातीत पंचा अंथरला नव्हता, ती माझीच चूक. दुकानात गादीवर पांढरं फडकं अंथरल्याशिवाय मी कधी मण्याची पुडी सोडली नाही, हे तू लहानपणापासून बघितलंयस. मणी उडता कामा नये, पळता कामा नये. घरात नातीसमोर बसलो आणि सगळी शिस्त विसरलो. त्यात फोन आला म्हणून उठून आत गेलो. दोन मिनिटं. दोनच असतील.

पण रेवा, तू जाताना म्हणालीस, की आता हिच्या हातात मणी-बिणी द्यायचे नाहीत, संपला विषय. त्यासाठीच खरं तर हे पत्र. तसं करू नकोस.

त्या दिवशी तुला एक दिसलं नाही, तू स्वयंपाकघरात होतीस. मी दोरा पायाच्या अंगठ्याला अडकवून पीळ देत होतो. चिमीनं बघितलं, मोजा काढून फेकला आणि स्वतःचा अंगठा पुढं केला. "मला पण अडकव." तू अगदी असंच करायचीस. शाळा सुटली की दप्तरासकट गादीवर, आणि पाय पुढं. सहाव्या वर्षी तुला साजाची पानं ओळखता यायची. मासा, कासव, चंद्र, शंख, बेलपान. गिऱ्हाइकाला तू धडाधडा सांगायचीस, दहा दशावताराची, आठ अष्टमंगलाची, एक माणकाचं, एक पाचूचं आणि शेवटचा ताईत, झाली एकवीस. महाद्वार रोडवरून अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या बायका थांबून ऐकायच्या. तुझी आई रागवायची, पोरीला पाढे येत नाहीत आणि साज येतो म्हणून. पाढेही आले पुढं. आज तू एवढ्या मोठ्या ठिकाणी आहेस, इथं कुणी विचारलं तर सांगताना माझा आवाज मोठा होतो.

आणि एक लिहितो. तुला आठवत असेल की नाही, माहीत नाही. तू सातवीआठवीची नव्हतीस, सात-आठ वर्षांची होतीस. लाल-काळे मणी घेऊन तू एक माळ ओवली होतीस, दोन लाल एक काळा, मध्येच तीन लाल, मग पुन्हा दोन. मी ती गिऱ्हाइकासमोर कात्रीनं कापली आणि बरोबर ओवून तुझ्या हातात दिली. तू ती गळ्यात घातली नाहीस. त्यानंतर गादीवर बसायचं हळूहळू कमीच झालं. तेव्हा मला वाटलं, पोर अभ्यासाला लागली. चिमीची रंगीत मण्यांची माळ मी उसवली नाही. तिनं सलग सात निळे घातले, मग एक पिवळा, आणि म्हणाली, झाली. मी म्हटलं, झाली. तिची ती माळ इथं खुंटीला आहे.

आता तिच्याबरोबर काय करायचं ते सांगतो. काचेचे मणी, मोती, टिकल्या सगळं वर्ष-दोन वर्षं बाजूला राहू दे. गेल्या वर्षीचं कॅलेंडर भिंतीवरून उतरवलंस का? त्याची पानं घे. पानाच्या उंचीएवढे लांब त्रिकोण काप, पाया तीन-चार सेंटिमीटर, दुसरीकडं निमुळतं टोक. कात्री तू धर. पायाकडून सुरुवात करून पेन्सिलीवर घट्ट गुंडाळत जायचं, ते काम चिमीचं. शेवटच्या चार बोटं लांबीला फेव्हिकॉल लावायचं, टोक चिकटलं की पेन्सिल ओढून घ्यायची. मधे फुगीर आणि दोन्हीकडं निमुळता मणी होतो. हातात घेऊन बघ, थेट आपला जवमणी! साजात दोन पानांच्या मधे असतो तोच. मग लग्नपत्रिकांच्या जाड कागदाची पानं काप, एक मासा, एक कासव, एक चंद्र. मिठाईच्या खोक्यातला सोनेरी कागद वर चिकटवा, पंचिंग मशीननं भोक पाडा. एकवीस करायला बसू नकोस, ती कंटाळेल. पाच बास. मासा तिला काढू दे. तो माशासारखा दिसला नाही तरी तोच लावायचा.

ओवायला सुई द्यायची नाही. बुटाची लेस घे, तिचं टोक मुळातच कडक असतं. साधा दोरा असेल तर मेणबत्तीवर चार वेळा ओढायचा आणि टोकाला फेव्हिकॉल लावून वाळवायचं, काडीसारखं होतं. पहिला मणी ओवला की दोरा त्याच्याभोवती फिरवून गाठ मारायची, म्हणजे मागून बाकीचे गळत नाहीत. आपण मोत्याच्या माळेला दर मोत्यामागं गाठ मारतो ना, माळ तुटली तरी एकच मोती पडावा म्हणून, तशीच चिमीच्याही माळेला मारत जा. आणि माळ गळ्यात घालून झोपू द्यायची नाही. खेळून झालं की खुंटीला.

परातीत पंचा. हे मी तुला सांगावं अशी माझी लायकी आता नाही, पण पंचा अंथर. सुरू करताना मोज, उचलताना मोज. आणि तू शेजारी बस, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून बस. तुमच्याकडं तिच्या हातात टॅब असतो, जेवताना, गाडीत, अंघोळीआधी. एवढ्या लहान बोटांना काच घासण्याखेरीज काही काम मिळत नाही. तुम्ही दोघं दिवसभर

हे खोडायला हवं होतं. माफ कर. तुम्ही दोघं किती राबता ते मी बघितलंय. आठवड्यातून एक दिवस, रविवारी अर्धा तास, एवढंच म्हणायचं होतं.

तुमच्या खालच्या मजल्यावरचा तो रांगणारा बाळ येतो ना, तो आला की सगळं उचलायचं. बाईंनी सोपी खूण सांगितली. टॉयलेट पेपर संपल्यावर पुठ्ठ्याची नळी उरते, तिच्यातून जी वस्तू जाते ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाताला लागू द्यायची नाही. कागदाचा मणीसुद्धा जातोच त्यातून. आणि रंकाळ्यावर घेतलेली ती चमकणारी अंगठी काढून टाक. आत बटणासारखा सेल असतो. मणी नाकात राहिला तर काही तास चालतं, पण तो सेल नाकात किंवा घशात अडकला तर तासा-दोन तासांत आतलं मांस जाळतो. तसलं काही झालं तर घरी काही करत बसायचं नाही, पळायचं. लोहचुंबकाचे मणीही नकोत. पोटात दोन गेले तर आतड्याला मधे धरून एकमेकांना चिकटतात.

आजोबांच्या तराजूच्या पेटीतल्या सोनं तोलायच्या गुंजा मी त्याच रात्री मोजल्या. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, पेटीत तोळाभर म्हणजे शहाण्णव. पूर्ण भरल्या. चिमीला त्या फार आवडल्या होत्या, लाल आणि वर काळा ठिपका. दिसायला तयार मणी. पण गुंजेच्या आतला गर विषारी, चावली किंवा भोक पाडलं की धोका. तिला मी हात लावू दिला नव्हता, तरी पेटी आता कुलपात आहे आणि किल्ली माझ्या जानव्याला.

या पत्राबरोबर एक खोकं पाठवतोय. त्यात चार रंगांच्या लेस, मी कापून ठेवलेले साठ त्रिकोण, सोनेरी कागद, आणि चिमीच्या बोरन्हाणाचे दागिने. पाचव्या वर्षापर्यंत करतात, म्हणजे हे शेवटचंच. हलवा विकतचा आहे. तुझी आई आठ दिवस शेगडीसमोर बसायची. परातीत खसखस, वरून चमच्या-चमच्यानं पाक आणि हातानं सारखं हलवणं, काटा फुटेपर्यंत. बोटांची टोकं भाजायची तिची. तुझ्या बोरन्हाणाचा मुकुट तिनं काळ्या मखमलीवर केला होता आणि तू तो पाच मिनिटांत खाऊन टाकलास. मला तसा हलवा येत नाही. गाठवलंय मात्र मी, दर दाण्यामागं गाठ आहे. कुठंही तार वापरलेली नाही. चिमीनं मागितलेले हुपरीचे घुंगरू पाठवलेले नाहीत, तिला सांग आजोबांनी ठेवलेत, मोठी झाली की देतील.

तो हलवा तिला या वेळी माळेतून तोडून देऊ नकोस. वेगळा वाटीत दे, बसवून दे. दागिन्यातलं खायचं नाही, एवढं तिला कळू दे. रथसप्तमीपर्यंत कधीही करा. मला बोलावलंस तर येईन. नाही बोलावलंस तरी राग नाही.

आत्ता हे लिहिताना एक गोष्ट आठवली. त्या दिवशी चिमी मोठ्यानं मोजत होती आणि एकेक मणी परातीत टाकत होती. अठ्ठावीस, एकोणतीस, एकतीस. तीस म्हणते का गं ती? मला आत्ता वाटतंय की ती तीस गाळते. गाळत असेल तर मणी मुळात एकोणचाळीसच होते. पण मी शेजारीच होतो, मला तेव्हा खटकलं कसं नाही? की मी तिच्या बोटांकडं बघत होतो आणि आकडे ऐकलेच नाहीत? नक्की सांगता येत नाही. तू तिला एकदा मोजायला लाव. शिकवू नकोस, नुसतं मोजायला लाव, आणि काय म्हणते ते मला लगेच फोन करून सांग. रात्री कितीही वाजता कर, मी जागा असतो.

श्रीधररावांना नमस्कार. चिमीला गोड पापा.

तुझे,
बाबा

ता. क. त्या दिवशी तिच्या अंगात पिवळा फ्रॉक होता. त्याला खिसा आहे, आक्काला पक्कं आठवतंय. धुतला असलास तरी शिवणीत बोट घालून बघ.