गाडी ४५ हजारांची, फी १० हजारांची

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वीस वर्षांवरच्या कारचं रजिस्ट्रेशन रिन्यू करायला आता १० हजार लागणार ही बातमी तुमच्या पेपरात वाचली आणि मी स्वयंपाकघरातनंच ओरडले, अहो आपली दहा हजाराची झाली. मिस्टर बाहेरून म्हणाले, एवढी पडली होय किंमत? म्हटलं किंमत नाही, फी. मग ते पेपर बघायला आत आले. तेव्हापासून हे पत्र डोक्यात आहे, आज रविवार म्हणून लिहायला बसले. थोडं लांबलंय, जमेल तेवढं छापा.

आमच्याकडे मारुती ८०० आहे, १९९८ची. २००९ साली कोल्हापुरात एका रिटायर्ड काकांकडून ४५ हजारांना घेतली. गंमत अशी की १९८३ ला ही गाडी पहिल्यांदा निघाली तेव्हा कोरी गाडी ५० हजारांच्या आसपास होती म्हणतात, म्हणजे आम्ही ११ वर्षं वापरलेली गाडी जवळजवळ त्याच भावात घेतली, पण तेव्हा इलाज नव्हता. माझी बदली भुदरगडच्या डोंगराकडच्या शाळेत झालेली, एसटी सकाळी एक आणि संध्याकाळी एक, आणि संध्याकाळची कधी येईल ते कंडक्टरलाही माहीत नसायचं. पावसाळ्यात स्कूटीवरनं जाऊन दोनदा पडले, दुसऱ्यांदा मनगट मोडलं, तेव्हा सासऱ्यांनी म्हशीचे पैसे दिले आणि म्हणाले चार चाकांचं काहीतरी बघा. ही अशी आली.

आता ज्यांनी कार्बोरेटरची (इंजिनला पेट्रोल आणि हवा मिसळून देणारा भाग) गाडी कधी चालवलीच नाही त्यांना सांगते. जुलैतली सकाळ, सहा वाजून चाळीस मिनिटं, पाऊस तीन दिवस उघडलेला नाही. पहिलं चोक, म्हणजे थंड इंजिन लागायला मदत करणारा दांडा, ओढायचा पूर्ण. चावी फिरवायची, ॲक्सिलेटरला पाय लावायचा नाही, लावलात की प्लग ओले झाले आणि पहिला तास गेला. ती आधी खोकते, मग एका सिलेंडरवर, मग दोन, आणि तिसरा लागला की अख्खी बॉडी एकदा हलते आणि आवाज गोल होतो. तो आवाज गोल झाला की मला अजूनही बरं वाटतं, १६ वर्षं झाली तरी. मग चोक हळूहळू आत, चहा प्यायला जाऊन यायचं, तोपर्यंत काचेवरची वाफ निम्मी गेलेली असते, उरलेली फडक्याने.

आणि नाहीच लागली तर बॉनेट उघडायचं. रस्त्यावरचं पाणी उडून डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे प्लगांना करंट वाटणाऱ्या डब्याच्या, कॅपमध्ये ओल जाते, करंट जात नाही, बस एवढंच असतं. दोन क्लिपा काढायच्या, कॅप आतनं कोरडी पुसायची, परत लावायची. ओढणीचं टोक त्या कामाला फार चांगलं. एकदा शाळेजवळच्या ओढ्यात अशी बंद पडली तर सातवीची पोरं धावत आली धक्का मारायला, मी म्हटलं थांबा रे, आणि पाच मिनिटात चालू केली. दुसऱ्या दिवशी एका पोरीने विचारलं बाई मला पण शिकवा. विज्ञानाच्या तासाला पुस्तकातल्या चित्रापेक्षा तो डबा उघडून दाखवलेला जास्त कळतो हे मी अनुभवाने सांगते (साहेबांनी वाचलं तर वाचू दे).

त्रास नाही असं मी म्हणत नाही. त्रास भरपूर आहे. एसी मॉडेल आहे पण एसी २०१२ पासून मेलेला. ड्रायव्हरच्या बाजूची काच खाली जाते, वर यायला दोन्ही हातांनी धरून ओढावी लागते. मागच्या दाराचं आतलं हँडल तुटलंय, म्हणजे मागे बसलेल्याला बाहेर काढायला मी उतरून जायचं, सासूबाईंना ते फार आवडतं, सुनेने दार उघडून द्यायचं. पायाखालचा पत्रा गंजून भोक पडलेलं, त्यावर मिस्त्रीने पत्र्याचा तुकडा वेल्डिंग करून दिला, तरी जोराचा पाऊस असला की डाव्या पायाला गार लागतं. हेडलाइट म्हणजे कंदील. रात्री समोरून हल्लीचे ते पांढरे लाइट घेऊन कुणी आला की मी सरळ कडेला घेऊन थांबते, लाज वाटून घेत नाही.

आणि उसाचा सीझन. नोव्हेंबर ते मार्च आमच्या रस्त्याला ट्रॅक्टरच्या मागे दोन-दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंनी ऊस बाहेर आलेला, मागे लाल दिव्याचा पत्ता नाही, आणि टेप मात्र अर्ध्या तालुक्याला ऐकू जाईल एवढा. ७९६ सीसीच्या गाडीने त्याला चढावर ओव्हरटेक करणं हा निर्णय आधी घरी विचारून घ्यावा असा असतो. तिसरा गिअर टाकायचा, ॲक्सिलेटर खाली दाबायचं, आणि ट्रॉलीच्या बरोबरीला आलं की वाटतं आता दोघं मिळूनच कारखान्यावर जाणार.

फोंडा घाटातली गोष्ट तर आमच्या घरात सणासारखी दरवर्षी सांगितली जाते. मे महिना, कणकवलीला नणंदेकडे जाऊन परत येत होतो, गाडीत आम्ही दोघं, दोन पोरं, सासूबाई, आणि डिकीत एक पेटी आंबे नि एक फणस. घाट निम्मा चढला आणि काटा लालकडे. रेडिएटरचा पंखा फिरतच नव्हता. मिस्टर म्हणाले थांबव, मी म्हटलं थांबले तर वाफ, आणि मिस्त्रीने सांगितलेलं आठवलं म्हणून हीटर फुल केला. हीटर लावला की इंजिनची गरमी आत येते आणि काटा खाली येतो. काटा आला खाली. पण मे महिन्यात, दुपारी दोनला, पाच माणसं आणि एक फणस, हीटर फुल. सासूबाई देवाचं नाव घेत होत्या, देवाचं की माझं ते नीट ऐकू आलं नाही. वर आल्यावर पहिल्या गॅरेजला थांबलो, तिथल्या पोराने बघितलं, म्हणाला सेन्सर गेलाय, तो मागवायला वेळ लागेल, मी डायरेक्ट करून देतो. घरातल्या बल्बला असतं तसलं बटन डॅशबोर्डला लावून पंख्याची वायर त्याला जोडली. घेतले १५० रुपये. ते बटन अजून आहे. घाट आला की मी बटन दाबते, उतार लागला की बंद करते. भाच्याच्या नवीन गाडीत टचस्क्रीन आहे, एवढं सरळ काम करणारं बटन नाही.

त्याच भाच्याच्या गाडीचा साइडचा आरसा गेल्या वर्षी रिक्षाने उडवला. आरशात इंडिकेटर, मोटार, कॅमेरा सगळं, बिल बघून तो दोन दिवस जेवला नाही असं वहिनी सांगत होत्या. माझा आरसा ट्रॅक्टरवाल्याने उडवला तेव्हा मी बाजारातनं अडीचशेला नवीन आणला आणि घरीच लावला. पार्ट अजून मिळतात, कारण हेच इंजिन ओम्नीलाही होतं, आणि कोल्हापुरात उद्यमनगर आहे, तिथे काही मिळालं नाही तर करून देतात. आमचे मिस्त्री दरवेळी बॉनेटवर हात मारून म्हणतात, बाई, ह्या गाडीला मरण न्हाई बघा, मालकालाच कटाळा येतोय.

आता मुद्द्याचं. रजिस्ट्रेशन १५ वर्षांनी संपतं, मग दर पाच वर्षांनी रिन्यू. २०१८ ला मी फी भरली ६०० रुपये. २०२३ ला ५,०००, कारण एप्रिल २०२२ पासून वाढलेली. २०२८ ला भरणार १०,०००. गाडी तीच, इन्स्पेक्टर चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासतात तो नंबर तोच, बघायला लागणारी दहा मिनिटं तीच. वर पर्यावरण कर, तो वेगळा, मागच्या वेळी ३,००० भरला. चुकून उशीर झाला तर महिन्याला ५०० दंड. थर्ड पार्टी इन्शुरन्स हजार सीसीच्या आतल्या गाडीला २,०९४ अधिक जीएसटी, ते ठीक आहे, ते दुसऱ्याच्या जिवासाठी आहे, त्याबद्दल तक्रार नाही. मग ती सक्तीची नवी नंबरप्लेट, ७४५ अधिक जीएसटी, ती पण बसवली. बंपरच्या गंजलेल्या भोकात तिचे खिळे बसेनात म्हणून तिथल्या पोराला नवीन भोकं पाडावी लागली. आज माझ्या गाडीतली सगळ्यात नवी आणि सगळ्यात चकाकणारी वस्तू म्हणजे ती प्लेट.

मी काही नियम नकोत म्हणणाऱ्यातली नाही. जुनी गाडी बीएस-६ च्या, म्हणजे धुराच्या नव्या नियमाच्या गाडीपेक्षा जास्त धूर सोडते हे मलाही कळतं. माझ्या गाडीत एअरबॅग नाही, एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक अडकू न देणारी सोय) नाही, म्हणून मी ६० च्या वर जात नाही आणि हायवेला शक्यतो नेत नाही. पण मग तपासा की. ब्रेक तपासा, लाइट तपासा (माझे नापास करा, मी नवीन बसवीन), धूर मशीन लावून नीट तपासा, नळी टेकवल्यासारखी करून फोटो काढून नव्हे. जी नापास होईल ती काढून टाका, माझी असली तरी. पण तुम्ही तपासणी आहे तशीच ठेवता आणि फी वाढवता, याचा अर्थ ज्याच्याकडे दहा हजार आहेत त्याचा धूर चालतो. तिकडे दिल्लीत पेट्रोलला १५ वर्षं आणि डिझेलला १० वर्षं असा सरळ वयाचाच हिशोब लावला, २०२५च्या जुलैत पंपावर पेट्रोलच द्यायचं नाही इथपर्यंत गेलं, मग दोन-तीन दिवसात थांबवावं लागलं आणि ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने तेव्हापुरतं सांगितलं कारवाई नको. आठवड्याला एकदा देवळात जाणारी गाडी आणि रोज दीडशे किलोमीटर पळणारी गाडी वयाने सारखी असली म्हणून सारखी होत नाही, हे आमच्या चौथीच्या पोरांना पण पटेल.

दुसरं पेट्रोलचं. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल (उसापासून होणारं अल्कोहोल) मिसळायचं २०३० ला होणार होतं ते २०२५ लाच आणलं. आता मजा बघा, आमच्या सासऱ्यांचा दीड एकर ऊस आहे. तो ऊस कारखान्याला जातो, तिथे त्याचं इथेनॉल होतं, ते पेट्रोलमधनं माझ्या टाकीत येतं, आणि माझ्या १९९८च्या रबरी नळीला खातं. गेल्या दिवाळीत गाडीत पेट्रोलचा वास यायला लागला, मिस्त्रीने नळी वाकवून दाखवली तर उन्हात पडलेल्या चपलेसारख्या चिरा. नळ्या, कार्बोरेटरचं किट, फिल्टर, सगळं मिळून १,४०० झाले. नळी जुनीच होती हे मान्य, पण मिस्त्री म्हणाले या वर्षी अशा गाड्या लई येतात. मे महिन्याच्या सुट्टीत गाडी महिनाभर उभी राहिली तर टाकीत पाणी धरतं ते वेगळं. दिल्लीच्या पेट्रोलियम मंत्रालयानेच सांगितलंय की काही जुन्या गाड्यांचे रबरी पार्ट, गॅस्केट बदलावे लागतील पण ते स्वस्त आहे, सर्व्हिसिंगला होऊन जाईल. होऊन जाईल, पण पैसे कोण देणार ते नाही सांगितलं. सासरे म्हणतात, उसाला दर मिळतोय ना, मग नळीचे पैसे द्यायला काय झालं. घरातच दोन पार्ट्या आहेत आमच्या. माझं म्हणणं एवढंच की तालुक्यात एखाद्या पंपाला तरी कमी इथेनॉलचं पेट्रोल ठेवा, आम्ही तिथे जाऊन भरू.

लोक म्हणतात बाई आता पगार चांगला आहे, नवीन घ्या, हप्ता बसतो. बसतो. पण थोरला इंजिनिअरिंगला आहे, धाकटी बारावीला, हप्ता त्यांचा चालू आहे. भंगारवाला दारात येऊन १६ हजार देतो म्हणाला, धाकटी त्याच्यावर अशी काही धावून गेली की तो चहा न घेता गेला. ती याच गाडीवर शिकली, शाळेच्या मैदानात, क्लच सोडताना ४० वेळा बंद पाडली तेव्हा कुठे हात बसला.

तर २०२८ ला मी दहा हजार भरणार की नाही ते तेव्हा बघू, मिस्टरांनी आत्तापासून डब्यात टाकायला सुरुवात केली आहे, महिन्याला तीनशे. तोपर्यंत तुमच्या वाचकांपैकी कुणाकडे या गाडीच्या मागच्या डाव्या दाराचं आतलं हँडल पडून असेल, रंग कुठलाही चालेल, तर कृपया पेपरच्या ऑफिसात कळवावं. सासूबाईंना सांगू नये.

आपली वाचक,
एक शिक्षिका,
भुदरगड तालुका, जि. कोल्हापूर