उकळी ऐकणाऱ्या काकूंना

आदरणीय काकू,
सा. न.

फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही विषय बदलता, म्हणून आज चारचौघांत लिहिते आहे.

बाबांनी पूर्वी कधीतरी जपानमध्ये 'साबा नो मिसोनी', म्हणजे मिसोच्या (आंबवलेल्या सोयाबीनच्या खारट पेस्टच्या) रसात शिजवलेला बांगडा खाल्ला होता. आजारपणात त्यांना नेमकी त्याचीच आठवण झाली. पण औषधांमुळे दारू वर्ज्य, आणि या पाककृतीत तर साके (तांदळाची दारू) आणि मिरीन (स्वयंपाकातली गोड दारू) दोन्ही. शिजताना दारू सगळी उडून जाते असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं. थोडी उरतेच, हे ठामपणे फक्त तुम्ही सांगितलंत. त्याआधी मी साकेऐवजी पाणी आणि मिरीनऐवजी साखर घालून एकदा करून पाहिलं होतं. वास असा उग्र आला की बाबांनी दोन घासांत ताट मुकाट्यानं बाजूला सारलं.

"साके तिथे काय करते, ते आधी बघू," तुम्ही म्हणालात. ती उडताना माशाचा वास सोबत घेऊन जाते. मग ते काम शिजवण्याआधीच उरकायचं. तुकड्यांना मीठ लावून 20 मिनिटं ठेवायचे, सुटलेलं पाणी टिपायचं, वरून कढत पाणी ओतायचं आणि कातडी पांढुरकी झाली की लगेच गार पाण्यात सोडायचे. याला जपानीत 'शिमोफुरी' म्हणतात. गार पाण्यात मधल्या काट्याला चिकटलेली काळपट रक्ताची रेघ अंगठ्यानं हळूच निघून आली, आणि पहिल्या वेळचा वास कुठून आला होता ते मला तिथेच कळलं. शिजताना आल्याच्या चकत्या होत्याच.

मिरीन गोडीसाठी आणि चकाकीसाठी. तुम्ही साखरेच्या जोडीला थोडा मध घालायला लावलात आणि शेवटी रस आटवायला सांगितलात. दाशी, म्हणजे कोंबू (समुद्री शेवाळ) आणि कात्सुओबुशी (धुरावून वाळवलेला मासा) यांचा अर्क, नाही म्हणून मी रडकुंडीला आले होते, तर तुम्ही ती सरळ रद्दच केलीत! 1908 साली इकेदा किकुनाए यांनी कोंबूत जे ग्लुटामेट हे चव देणारं द्रव्य शोधलं ते मिसोत भरपूर असतं, आणि कात्सुओबुशीतलं इनोसिनेट हे तसंच दुसरं द्रव्य बांगड्यातही असतं. दोन्ही एकत्र आली की चव कितीतरी पटींनी वाढते. म्हणजे दाशीचं काम भांड्यात आपसूक होतच होतं. मिसोला मात्र तुम्ही पर्याय शोधू दिला नाहीत. "तो बदललास तर पदार्थच दुसरा होईल," म्हणालात. ते मला फार पटलं. अर्धा मिसो सुरुवातीला, उरलेला सुगंधासाठी अगदी शेवटी, हेही तुमचंच.

आणि मग तुम्ही फोन भांड्याजवळ धरायला लावलात. "आवाज फार मोठा आहे, आच कमी कर, मासा फुटेल." खरंच एका तुकड्याची कातडी कडेला उलायला लागली होती. आच उतरवली, भांड्याहून लहान झाकण थेट माशावर ठेवलं. 12 मिनिटांनी झाकण काढून चमच्यानं रस वरून सोडत राहिले, तोवर तुम्ही फोनवरच होतात.

बाबांनी त्या दिवशी काटा स्वच्छ केला. मग ताटातला रस पुसून घ्यायला आणखी भात मागितला. आजारपणात त्यांनी आपणहून काही मागितलं, ते पहिल्यांदाच.

काकू, मनापासून आभार. रविवारी बाबांना तुमच्याशी बोलायचं आहे. तेव्हा तरी विषय बदलू नका.

तुमची,
बांगडेवाली