चिमीच्या गालाचं औषध

प्रिय विन्या,

चार महिने पत्र नाही आणि आज लिहितोय ते भांडायला. तब्येत बरी, गुडघा तसाच.

चिमीने मुरमांनी भरलेल्या गालाचा फोटो पाठवला. माझं लक्ष गेलं मागच्या खिडकीत: क्लिंडामायसिन या अँटिबायोटिक जेलच्या तीन ट्यूबा, शेपटीपासून गुंडाळत पिळलेल्या, आणि ॲझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिक गोळ्यांची रिकामी पाकिटं. वर्षभर मेडिकलमधून हेच आणताय आणि मला आत्ता कळतंय? टॉन्सिलच्या गोळ्या तिसऱ्या दिवशी सोडल्यास म्हणून आठवडाभर अबोला धरला होता, तो परत धरायची वेळ आणलीस.

ती म्हणते, जेल आधी लागू पडायचं, आता पडत नाही. बरोबर आहे तिचं. मुरमातला जंतू, क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस, सगळ्यांच्याच त्वचेवर असतो. कोट्यवधींत एखाद्याच्या रायबोसोममध्ये, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रात, क्लिंडामायसिन चिकटतं नेमक्या त्याच जागी, आपसूक बदल झालेला असतो. रोज नुसतं तेच जेल लावलं की बाकीचे मरतात आणि हा माजतो. ॲझिथ्रोही तिथेच चिकटतं, म्हणून एक गेलं की बहुतेक वेळा दुसरंही जातं. शिवाय ॲझिथ्रो शरीरात कितीतरी दिवस थोडंथोडं रेंगाळतं, म्हणजे जंतू मरत नाही, सरावतो. 1979 पासून हे माहीत आहे, तरी जेल एकटंच विकलं जातं. त्वचेवरचे स्टॅफिलोकोकस, म्हणजे गळू करणारे जंतूही, त्याबरोबर निर्ढावतात, आणि असे जंतू घरातल्या इतरांच्या अंगावरही सापडतात. उद्या वहिनींना गळू झालं तर?

मिरची बंद केलीस म्हणे तिची. अरे, पोरीला ठेचा खाऊ दे, ठेच्याने कुणाचं काही बिघडवलेलं नाही!

नुसतं क्लिंडामायसिन आजच थांबव. सकाळी बेन्झॉइल पेरॉक्साइड, हे जंतू मारणारं पण अँटिबायोटिक नसलेलं औषध, 2.5 टक्केच. 10 टक्क्याने गुण तेवढाच येतो, आग मात्र जास्त होते. पेरॉक्साइडला दाद न देणारा जंतू अजून निघालेला नाही. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड लावू दे. रात्री चेहरा धुऊन पूर्ण कोरडा झाल्यावर ॲडापलीन, म्हणजे त्वचेची छिद्रं तुंबू न देणारं औषध, 0.1 टक्के, वाटाण्याएवढं, सगळ्या चेहऱ्याला. नुसत्या फोडावर टिकली लावून उपयोग नाही, कारण पुढचा फोड शेजारच्या न दिसणाऱ्या छिद्रात तयार होत असतो. कातडी सोलली तर आधी साधं मॉइश्चरायझर. पहिला महिना चेहरा बिघडल्यासारखा वाटेल. इथेच सगळे सोडतात. तिला 12 आठवडे धीर दे.

तरी राहिलंच तर त्वचेच्या डॉक्टरांकडे ने. ते डॉक्सीसायक्लिन ही अँटिबायोटिक गोळी देतील, साधारण तीन महिने, सोबत पेरॉक्साइड चालूच. गोळी ग्लासभर पाण्याबरोबर, आणि लगेच आडवं व्हायचं नाही, अन्ननलिकेला जखम होते. उन्हालाही जपायचं. खोल गाठी किंवा खड्डे दिसले तर मात्र 12 आठवडे थांबू नकोस. आणि कपाळावर एकसारखे, बारीक, खाजरे फोड आले तर ते बुरशीचे असू शकतात. त्यावर अँटिबायोटिक म्हणजे खतपाणीच.

बढतीचं कळलं, मनापासून आनंद झाला. प्लॅस्टर उरकलं का? नानांना नमस्कार.

तुझा,
बाळ्या

ता. क. पेरॉक्साइडने कापडाचा रंग उडतो. काकूंनी भरलेला निळा अभ्रा आधी चिमीच्या उशीवरून काढ.