शाळेच्या भिंतीवरच्या गलबताविषयी

लिस्बन,
रविवार

तीर्थरूप बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

काल दादाचा फोन आला. शाळेच्या दुरुस्तीचं काम तुम्हाला मिळालं हे ऐकून आनंद झाला. मग तो म्हणाला, पुढच्या भिंतीचा जुना गिलावा आणि लाद्या तोडून खालपासून वरपर्यंत नव्या टाइल्स लावायच्या आहेत. म्हणजे आजोबांनी त्या भिंतीवर फुटक्या बश्यांच्या तुकड्यांनी केलेलं गलबतही जाणार. मला रात्री झोप लागली नाही. फोनवर रेंज जाते, मध्येच कोणीतरी हाक मारतं आणि सांगायचं राहून जातं, म्हणून लिहिते आहे.

आधी इथल्या एका बाईंबद्दल सांगते. त्यांचं नाव मारिया केइल. जन्म १९१४ चा, पोर्तुगालच्या दक्षिणेकडच्या सिल्व्हेश गावातला. चित्रकार होत्या, मुलांच्या पुस्तकांत चित्रं काढायच्या आणि लाद्यांचे नमुने करायच्या. नवरा, फ्रान्सिस्को केइल दो आमाराल, वास्तुविशारद. लिस्बनची मेट्रो १९५९ च्या डिसेंबरात सुरू झाली, तेव्हा पहिली अकरा स्थानकं होती आणि त्या स्थानकांचं काम या फ्रान्सिस्कोंकडे होतं. अव्हेनिदा हे एक स्थानक सोडलं, तर बाकी सगळ्या भिंती मारियाबाईंनी लाद्यांनी सजवल्या. पुढे रेल्वे वाढली तशी नवी स्थानकंही त्यांनीच केली.

तुम्ही लगेच विचाराल, लाद्याच का? तुम्हाला पटेल असंच कारण आहे. जमिनीखाली उजेड कमी, ओल जास्त, आणि दिवसभर माणसांचे हात, खांदे, पिशव्या भिंतीला घासणार. रंग दिला तर दोन वर्षांत पोपडे. चकाकी असलेली लादी उजेड परत फेकते, ओल्या फडक्याने पुसली की स्वच्छ होते, आणि खर्चही आवाक्यात. त्या काळी इथल्या मोठ्या कलावंतांना लादी म्हणजे स्वयंपाकघर-न्हाणीघराची वस्तू वाटायची. मारियाबाईंना ती तशी वाटली नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी मला त्या फार मोठ्या वाटतात.

मी राहते तिथलं स्थानक इन्तेन्देन्ते, १९६६ सालचं. आपल्याकडची बरीच माणसं याच भागात आहेत, पंजाबी, बांगलादेशी, नेपाळी. दुकानात चिंच मिळते, कोकम काही मिळत नाही. स्थानकाच्या भिंतीवर मारियाबाईंचं काम अजून आहे. माणूस नाही, पक्षी नाही, फूल नाही, नुसत्या रेषा आणि कोन. जवळ जाऊन बघितलं की कळतं, नमुन्याच्या लाद्या मोजक्याच आहेत. त्याच फिरवून, उलटसुलट लावून एवढी मोठी भिंत उभी केली आहे. तुम्ही असता तर आधी सांध्यावरून बोट फिरवलं असतं.

पण तिथे थांबून कोणी बघत नाही. सगळे फोनमध्ये. खूप दिवस मला वाटायचं की लोकांना घाई असते, म्हणून. आता वाटतं, खरं कारण वेगळं आहे. ते काम भिंतीवर आहे म्हणून लोक त्याला भिंतच समजतात. चौकटीत घालून खिळ्याला टांगलं असतं, तर त्याच माणसांनी हात मागे बांधून पाहिलं असतं. आणि एकदा भिंत समजलं की दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात त्याची एक ओळ होते. "जुन्या लाद्या तोडून काढणे", पुढे चौरस मीटर, पुढे दर.

इथे तसंच झालं. गाड्यांचे डबे वाढले, फलाट लांब करायला हवे होते, आणि १९९० च्या दशकात जुनी स्थानकं एकामागून एक नवी केली. त्यात मारियाबाईंच्या बऱ्याच भिंती गेल्या. कांपो पेकेनो स्थानकावर आता दुसऱ्या कलावंताचे दगडी पुतळे आहेत, प्राणिसंग्रहालयाच्या स्थानकावर दुसऱ्याच चित्रकाराचे प्राणी. कामं चांगली आहेत, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. पण एकाचं काम लावायला दुसऱ्याचं फोडावं लागावं, याचं मला फार वाईट वाटतं. तेव्हा मारियाबाई हयात होत्या. २०१२ मध्ये, सत्त्याण्णवाव्या वर्षी त्या गेल्या. त्याआधी २००९ मध्ये साव सबास्तियाव स्थानक पुन्हा उघडलं, तिथल्या नव्या लाद्यांचं काम त्यांचंच आहे. वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी! बाबा, तुम्ही सत्तरीच्या आत आहात आणि गुडघ्यांचं नाव सांगून हल्ली बसून काम करायला नको म्हणता.

त्यांचं एक काम उघड्यावरही आहे. इन्फान्ते सान्तो नावाचा चढाचा रस्ता आहे, त्याच्या कडेला जिन्यालगत मोठी लाद्यांची भिंत आहे. तिचं नावच समुद्र. १९५० च्या दशकाच्या शेवटी केलेली. त्याच रस्त्यावर इतर चित्रकारांच्याही अशा भिंती आहेत. गाड्या भरधाव जातात, चालणारे धापा टाकत चढतात. मी सुट्टीच्या दिवशी मुद्दाम जाते. आपल्याकडची खारी हवा इथेही आहे. आपल्या घराच्या पश्चिमेच्या भिंतीला जसा खार फुटतो, गिलावा भुगा होऊन गळतो, तसं इथेही होतं, म्हणून इथली जुनी घरं बाहेरून लाद्यांनीच मढवलेली आहेत. लाद्या बनवणारा व्हियुव्हा लामेगो हा कारखाना १८४९ पासूनचा, त्याची जुनी इमारत आमच्या इन्तेन्देन्ते चौकातच आहे. सगळा दर्शनी भाग चित्रांच्या लाद्यांचा. आई, तू बघशील तर हलणार नाहीस तिथून.

मात्र इथल्या लोकांनाही जाग उशिराच आली. फेइरा दा लाद्रा म्हणून जुन्या वस्तूंचा बाजार मंगळवारी आणि शनिवारी भरतो, तिथे सुट्या जुन्या लाद्या विकायला असतात. घरांवरून चोरून काढलेल्या लाद्याही बाजारात जातात, म्हणून पोलिसांच्या संग्रहालयाने २००७ मध्ये त्या वाचवण्याची मोहीम उघडली. २०१७ मध्ये देशभर कायदा झाला की दर्शनी भिंतीवरच्या लाद्या अशा सहजासहजी काढता येणार नाहीत. ६ मे हा लादीचा राष्ट्रीय दिवसही ठरला.

आपल्याकडे कायदा नाही, पण तुम्ही आहात. काम तुमच्या हातात आहे, हे मला नशीबच वाटतं.

आजोबांनी ते गलबत केलं तेव्हा वाडीतल्या घराघरांतून फुटक्या कपबशा मागून आणल्या होत्या, हे तुम्हीच सांगितलं आहे. शीड सगळं पांढऱ्या बश्यांचं. पाण्याला निळ्या टाइल्सचे तुकडे. डोलकाठी आधी सरळ केली होती, कोळीवाड्यातले म्हातारे येऊन म्हणाले, मचव्याची काठी पुढे कलते, आणि आजोबांनी तेवढा भाग उखडून पुन्हा बसवला. नाळेजवळ, म्हणजे गलबताच्या पुढच्या टोकाला, आजीच्या हिरव्या किनारीच्या बशीचा तुकडा आहे. मी पहिलीत असताना रांगेत उभी राहून त्यावर बोट ठेवायचे. त्या भिंतीवर अर्ध्या गावाची भांडी आहेत, बाबा.

म्हणून माझं म्हणणं असं. नव्या टाइल्स लावा, पण गलबताच्या चारी बाजूंनी कटर फिरवून तो भाग तसाच ठेवा. कडेला जांभ्याची किंवा काळ्या ग्रॅनाइटची बारीक पट्टी घेतली की नवं-जुनं शोभून दिसेल. बोटाने ठोकून पोकळ आवाज येईल तिथे पातळ पांढरं सिमेंट सोडता येईल का, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. फक्त पोरांना धुवायला अ‍ॅसिड मारू देऊ नका, बश्यांवरची नक्षी जाईल. टाइल्सही तेवढ्या कमी लागतील, हे शाळेच्या समितीला सांगितलंत तर त्यांची हरकत राहणार नाही. मुख्याध्यापकबाईंशी दादा बोलेल, मी त्याला सांगितलं आहे.

आणि एक. खाली एका टाइलवर आजोबांचं नाव आणि साल कोरून लावा. साल आत्याला विचारा, तिला नक्की आठवत असेल. त्याचा खर्च मी पाठवते, पुढच्या आठवड्यात पैसे जमा होतील.

तोडफोड सुरू व्हायच्या आधी दादाला सकाळच्या उन्हात भिंतीचे फोटो काढायला सांगा, एक पूर्ण आणि बाकीचे जवळून. आई, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळव, बाबा स्वतः सांगणार नाहीत.

तुमची,
धाकटी